उसूल म्हणजे मूळ




आपल्या घरांत एक शब्द फार अभिमानाने उच्चारला जातो. तो शब्द म्हणजे ‘उसूल’. “हा आमचा उसूल आहे” असे एखाद्याने म्हटले की पुढची चर्चा थांबते. दुकानाच्या गल्ल्यावर, मशिदीच्या वजूखान्यात, लग्नाच्या बैठकीत, भावाभावांच्या वादात हे वाक्य आपण ऐकतो आणि म्हणतोही. एखाद्याची स्तुती करायची असेल तर “माणूस उसूलाचा पक्का आहे” असे म्हणतो. परंतु ज्या शब्दावर आपण इतका भार टाकतो, त्या शब्दाचा अर्थ काय, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज या शब्दाविषयी आणि त्याच्या आडोशाने आपल्याच घरांत घडणाऱ्या एका अन्यायाविषयी आपल्याशी बोलावे, असे मनात आहे.

‘उसूल’ हा अरबी शब्द ‘अस्ल’ या शब्दाचे अनेकवचन आहे. अस्ल म्हणजे मूळ, बुंधा, पाया. ज्याच्यावर दुसरे काही उभे राहते ते. हाच ‘अस्ल’ मराठीत येऊन ‘अस्सल’ झाला. तहसील कचेरीत आपण अस्सल कागद आणि त्याची नक्कल असा भेद करतो, तेव्हा नकळत हाच शब्द वापरत असतो. मराठीत नैतिक नियमांसाठी जे शब्द आहेत, तेही पाहण्यासारखे आहेत. ‘नीती’ हा शब्द ‘नी’ म्हणजे नेणे या धातूपासून आला. जी माणसाला योग्य दिशेने नेते ती नीती. ‘तत्त्व’ म्हणजे ‘ते-पण’, वस्तूचे खरे स्वरूप. नीती आपल्याला वाट दाखवते, तत्त्व वस्तूचे खरे रूप दाखवते आणि उसूल आपल्याला जमिनीखाली पाहायला सांगतो. तो विचारतो, तुझे मूळ कोठे आहे?

दिव्य कुरआनात सूरह इब्राहीमच्या २४ ते २६ या आयतींमध्ये अल्लाहने एक दृष्टांत दिला आहे. त्याचा आशय असा की, चांगली गोष्ट एका चांगल्या वृक्षासारखी असते. त्याचे मूळ जमिनीत घट्ट रुतलेले असते, फांद्या आकाशात पोहोचलेल्या असतात आणि आपल्या पालनकर्त्याच्या आज्ञेने तो सदोदित फळ देत राहतो. वाईट गोष्ट मात्र जमिनीवरून उपटून काढलेल्या झाडासारखी असते. तिला स्थैर्य नसते. या ठिकाणी मुळासाठी जो शब्द आला आहे, तो ‘अस्ल’ हाच आहे.

कोकणातल्या वाचकांना हा दृष्टांत समजावून सांगण्याची गरज नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. आदल्या दिवशी सगळी झाडे सारखीच हिरवी दिसत होती. कोणाचे मूळ किती खोल आहे, हे त्या दिवशी दिसले. माणसाच्या उसूलाचेही असेच आहे. तोटा होत नसतो, कोणी अडवत नसते, तेव्हा प्रत्येक जण उसूलाचा पक्का असतो. उसूलाची किंमत चुकवण्याची वेळ येते, तेव्हाच तो होता की नव्हता हे समजते.

आता आपण हा शब्द रोज कसा वापरतो ते पाहू. दोन भावांत बोलणे बंद असते. मध्यस्थी करायला जावे तर उत्तर मिळते, “पहिला सलाम मी करणार नाही. चूक त्याची आहे, आणि माझा एक उसूल आहे.” बंधूंनो, प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण तर अशी आहे की, मुसलमानाने आपल्या भावाशी तीन दिवसांहून अधिक अबोला धरू नये, आणि त्या दोघांत जो आधी सलाम करतो तो श्रेष्ठ. मग हा उसूल आला कोठून? हा तर आपला अहंकार आहे. आपण त्याला उसूलाचा शेरवानी-फेटा चढवला आहे.

एखादे व्यापारी बंधू दर्शनी भागात ‘उधारी बंद’ अशी पाटी लावतात आणि तो उसूल काटेकोरपणे पाळतात. त्यात गैर काही नाही. परंतु त्याच दुकानात काम करणाऱ्या मुलाचा पगार महिन्याच्या वीस तारखेपर्यंत लांबतो. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ग्राहकाला लागू होणारा उसूल मालकाला लागू होत नसेल, तर तो फक्त वसुलीचा नियम उरतो. उसूल आणि वसूल हे दोन शब्द कानाला जवळचे वाटतात, पण त्यांची मुळे वेगळी आहेत. वसूल म्हणजे आपल्याकडे येऊन पोहोचलेले. उसूल बहुधा आपल्या हातून काहीतरी सोडायला लावतो.

मदरशात आम्ही ‘उसूलुश्शाशी’ हा ग्रंथ शिकलो. इस्लामी विधिशास्त्राची मुळे चार आहेत, हा त्यातला पहिलाच धडा : अल्लाहचा ग्रंथ, प्रेषितांची सुन्नत, उम्मतीचे एकमत म्हणजे इज्मा, आणि कियास. या चार मुळांतून जे नियम निघतात त्यांना ‘फुरूअ’ म्हणजे फांद्या म्हणतात. फांद्यांमध्ये मतभेद होऊ शकतात, देश-काळाप्रमाणे काही बदलही होतात. मूळ मात्र जागचे हलत नाही. आपल्या समाजाची आजची अडचण ही की, आपण फांद्यांना मुळाचा मान दिला आणि मुळाला फांदीसारखे छाटून टाकले. लग्नात वरातीला अमुक पदार्थ हवाच, हा आमच्या खानदानाचा उसूल. आमच्या घरातून मुलगी अमुक गावात द्यायची नाही, हाही उसूल. आणि ज्या गोष्टी कुरआनाने स्पष्ट शब्दांत ठरवून दिल्या, त्या मात्र ‘पाहू, सवडीने करू’ या खात्यात जमा.

अशा छाटलेल्या मुळांपैकी एक फार ठळक आहे. ते म्हणजे बहिणीचा हिस्सा.

सूरह निसाच्या ७ व्या आयतीचा आशय असा आहे की, आई-वडिलांनी आणि जवळच्या नातेवाइकांनी मागे ठेवलेल्या संपत्तीत पुरुषांचा वाटा आहे आणि स्त्रियांचाही वाटा आहे; संपत्ती थोडी असो वा फार, हा वाटा ठरवून दिलेला आहे. पुढे ११ व्या आणि १२ व्या आयतीत एकेकाचा हिस्सा अपूर्णांकांत सांगितला आहे. नमाजच्या रकअतींची संख्यासुद्धा कुरआनात इतक्या तपशिलाने आलेली नाही. वारसाहक्क मात्र अल्लाहने कोणाच्या मर्जीवर सोडला नाही, आणि १३ व्या आयतीत या वाटण्यांना आपल्या मर्यादा म्हटले.

या आयती कोणत्या प्रसंगी उतरल्या, तेही ऐका. हिजरतनंतर मदीनेत मुहाजिर आणि अन्सार यांच्यात बंधुभाव जोडण्यात आला, तेव्हा हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचे बंधू झाले हजरत सअद बिन रबीअ (रजि.). सअद यांनी आपली निम्मी संपत्ती त्यांच्यापुढे ठेवली. अब्दुर्रहमान यांनी बरकतीची दुआ दिली, ती नम्रपणे नाकारली आणि फक्त बाजाराचा रस्ता विचारला. असे उदार सअद हिजरी सन ३ मध्ये उहुदच्या लढाईत शहीद झाले. मागे पत्नी आणि दोन मुली उरल्या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सअद यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. परक्या माणसाला निम्मे देऊ करणाऱ्या बापाच्या मुलींच्या हाती काही राहिले नाही.

त्यांची आई दोन्ही मुलींना घेऊन प्रेषितांच्या (स.) सेवेत आली आणि तिने गाऱ्हाणे मांडले : यांच्या चुलत्याने सर्व काही घेतले, आणि संपत्तीवाचून यांची लग्ने कशी होणार? प्रेषितांनी (स.) तिला सांगितले की, याचा निर्णय अल्लाह करील. त्यानंतर वारसाहक्काची आयत उतरली. प्रेषितांनी (स.) चुलत्याला बोलावून घेतले. दोन्ही मुलींना दोन तृतीयांश, त्यांच्या आईला एक अष्टमांश आणि उरेल ते तुझे, असा निवाडा दिला. हिशेब करून पाहा. संपत्तीचे २४ भाग केले तर १६ मुलींचे, ३ आईचे आणि ५ चुलत्याचे. काल २४ च्या २४ भाग ज्याच्या मुठीत होते, त्याच्याकडे आज ५ राहिले. त्यानेही कदाचित म्हटले असते की, आमच्या कबिल्याचा उसूल वेगळा आहे. परंतु अल्लाहच्या निर्णयापुढे कबिल्याचा रिवाज उसूल ठरत नाही.

वाचकहो, हा हिशेब मी मदरशातच शिकलो. वारसाहक्कावरचा ‘सिराजी’ हा ग्रंथ आमच्या अभ्यासक्रमात होता. अपूर्णांकांची ती उदाहरणे मला आवडत आणि परीक्षेत मला चांगले गुण मिळाले. त्याच वर्षी सुट्टीत घरी गेलो असताना अब्बांनी मला तलाठ्याकडून सातबाराची नक्कल आणायला पाठवले. आजोबांची दीड एकर, म्हणजे साठ गुंठे जमीन. आजोबांच्या आधीच आजी वारली होती. मागे वारस दोनच : अब्बा आणि माझी फुफी. सिराजीच्या हिशेबाने चाळीस गुंठे अब्बांचे आणि वीस गुंठे फुफीचे. सातबारावर नाव एकट्या अब्बांचे होते, आणि फेरफाराच्या नोंदीत फुफीच्या हक्कसोडपत्राचा उल्लेख होता.

मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. घरी येऊन काही बोललो नाही. त्यानंतर शिक्षण पूर्ण झाले, इमामत मिळाली, आणि मिंबरवरून वारसाहक्कावर मी किमान तीन खुत्बे दिले. शेवटच्या खुत्ब्यानंतर एक वयस्कर नमाजी मला भेटले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. हळू आवाजात त्यांनी विचारले, “मौलाना, तुमच्या घरी दिला का?” मला उत्तर देता आले नाही. आठ वर्षे ज्या कागदाविषयी मी गप्प होतो, तो कागद त्या क्षणी माझ्यापुढे उभा राहिला. दुसऱ्यांच्या बहिणींसाठी मी उसूल सांगत होतो आणि माझ्या फुफीच्या बाबतीत माझ्या बापाची भीड बाळगत होतो. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत न्यायावर ठाम राहण्याची आज्ञा आहे. मग ती साक्ष स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना. ही आयत मला तोंडपाठ होती.

त्या रात्री मी अब्बांजवळ विषय काढला. ते म्हणाले, “तिने कधी मागितला नाही. राजीखुशीने सही केली आहे.” मी विचारले, “अब्बा, तिचा हिस्सा एकदा तरी तिच्या हातात दिला होता का, की तिने तो परत करावा?” अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “रविवारी जाऊ तिच्याकडे.”

रविवारी गेलो. अब्बांनीच विषय काढला. फुफी आधी नको नको म्हणाली. मग पदराने डोळे पुसत ती जे बोलली, ते मी विसरू शकत नाही. ती म्हणाली, “तेव्हा वाटलं, सही केली नाही तर ईदला मला माहेरी न्यायला कोण येईल?”

भगिनींनो आणि बंधूंनो, आपण जिला राजीखुशी म्हणतो ती बहुतेक घरांत हीच असते. मनाच्या संतोषावाचून कोणाचीही मालमत्ता दुसऱ्याला हलाल होत नाही, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. माहेर तुटेल या धास्तीने केलेल्या सहीत मनाचा संतोष कोठून येणार? म्हणूनच उलमा सांगतात की, आधी हिस्सा वेगळा करून बहिणीच्या ताब्यात द्या. त्यानंतर तिने कोणत्याही दबावाशिवाय त्यातले काही भावाला दिले, तर तो तिचा अधिकार. न दिलेल्या वस्तूवर घेतलेली सही कचेरीत चालेल. हश्रच्या मैदानात ती चालेल, या भरवशावर राहू नये.

आमच्याकडे पुढे रीतसर दस्त झाला आणि काही महिन्यांनी सातबारावर अब्बांच्या नावाखाली फुफीचे नाव लागले. यात आमचा मोठेपणा काही नाही. जे तिचेच होते ते इतक्या वर्षांनी तिला मिळाले, आणि मधल्या वर्षांच्या उत्पन्नाचा हिशेब अब्बा अजून थोडाथोडा चुकता करत आहेत.

या विषयावर बोलले की काही युक्तिवाद नेहमी पुढे येतात. पहिला असा की, बहिणीच्या लग्नात आम्ही एवढा खर्च केला, तोच तिचा हिस्सा. लक्षात घ्या, वारसाहक्क मृत्यूनंतर निर्माण होतो. बापाने हयातीत मुलीच्या लग्नावर केलेला खर्च ही त्याची देणगी होती. आणि लग्ने तर मुलांचीही झाली, त्यांचा खर्च कोणी वजा केला? दुसरा युक्तिवाद असा की, आम्ही दर ईदला तिला ईदी देतो, आजारपणात धावून जातो. ते अवश्य करावे, त्याचे मोठे पुण्य आहे. पण ईदी हा आपला स्नेह आहे आणि हिस्सा तिचा हक्क. स्नेहाच्या पाचशे रुपयांनी हक्काचे वीस गुंठे फिटत नाहीत. तिसरा युक्तिवाद असा की, जमीन परक्या घरी जाईल. ज्या घरी आपण आपली बहीण दिली, ते घर परके असेल तर त्याचा विचार निकाहच्या वेळी करायला हवा होता.

भगिनींना एक विनंती. आपला हिस्सा मागणे ही लालसा नाही, तो अल्लाहने नेमून दिलेला भाग आहे. आणि आपल्यापैकी जी कोणाची भावजय आहे, तिने स्वतःला हेही विचारावे : माझे पती त्यांच्या बहिणीला हिस्सा द्यायला निघाले, तर मी त्यांची हिंमत वाढवीन की मुलांच्या भवितव्याचे नाव पुढे करून त्यांना अडवीन? माहेरी जो न्याय मला हवा आहे, तोच माझ्या नणंदेला सासरी मिळू देणे, हा स्त्रीच्या उसूलाचा कस आहे.

या महिन्यात एक काम करा. घरातले सातबारे, घरपट्टीचे उतारे, बँकेची पुस्तके एकदा बाहेर काढा. ज्यांच्यामागे ही मालमत्ता राहिली, त्यांचे त्या वेळी हयात असलेले सर्व वारस कागदावर लिहा. आई, पत्नी, मुली, कोणालाही वगळू नका. कफन-दफनाचा खर्च, मृताचे कर्ज आणि एक तृतीयांशाच्या मर्यादेतील वसीयत वजा झाल्यावर उरलेल्या संपत्तीचे वाटे होतात. वाटे किती, हे जाणकार आलिमांकडून लिहून घ्या आणि कागदपत्रे कशी करायची, हे वकिलांना विचारा. एकदम देणे शक्य नसेल तर बहिणीला तसे स्पष्ट सांगा आणि मुदत ठरवून घ्या. हिस्सा मिळण्यापूर्वी निधन पावलेल्या बहिणीचा हक्क तिच्या वारसांकडे जातो, हेही विसरू नका. बहिणीचा वाटा दाबून ठेवलेल्या पैशातून उमऱ्याचे तिकीट काढण्यापूर्वी निदान एकदा थांबा.

शेवटी पुन्हा शब्दाकडे येतो. यापुढे “हा माझा उसूल आहे” असे म्हणण्यापूर्वी आपण मनाशी दोन गोष्टी तपासू या. याचे मूळ अल्लाहच्या ग्रंथात आणि प्रेषितांच्या (स.) आचरणात आहे, की माझ्या रागात आणि खानदानाच्या सवयीत? आणि हा उसूल माझ्या विरुद्ध गेला, माझ्या हातातून काही काढून घेऊ लागला, तरी मी तो पाळीन का? दोन्हींचे उत्तर मिळाले, तरच तो शब्द तोंडातून काढावा. नाहीतर तो आपल्याकडे नुसती नक्कल म्हणून राहतो आणि अस्सल मात्र हरवलेले असते.

अल्लाह आपल्या शब्दांना खोल मुळे देवो, आपल्या हातांना दुसऱ्याचा हक्क परत करण्याचे बळ देवो, आणि आपल्या आया-बहिणींच्या मनातली माहेर तुटण्याची भीती आपल्याच हातून दूर करवो. आमीन.